सांगलीला ओझोनचा अंदाज कशाला? या पोस्टला माझं उत्तर

विश्रामबागकर: काल एका गटावर कुणीतरी लिहिलं, "सांगली म्हणजे दिल्ली नव्हे. हवेच्या ॲपवर हिरवा, म्हणजे 'चांगली हवा' असा रंग दिसतोय. ओझोनची यंत्रं आणि अंदाज हे पुण्या-मुंबईचे चोचले." खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर मावेना म्हणून हा धागा.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांची यादी आहे, त्यात सांगली आहे. ॲपचं म्हणाल तर बरीच ॲप जागतिक मॉडेलचा आकडा दाखवतात. युरोपच्या कोपर्निकस मॉडेलचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा. सांगली, मिरज, कुपवाड, जयसिंगपूर सगळं एकाच रंगात! हाताने नमुने घ्यायची जुनी पद्धत आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. त्यात धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड. ओझोन नाहीच.

जमिनीलगतचा ओझोन म्हणजे श्वासाला त्रास देणारा वायू, पण तो कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाड्यांचा धूर, पेट्रोल-थिनरच्या वाफा आणि वर एप्रिलचं ऊन, यातून तो हवेतच तयार होतो. दुपारी चढतो, रात्री उतरतो. आपलं मानक घनमीटर हवेत ८ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम, एका तासाला १८०. दिवसभराच्या सरासरीत ही दुपार बुडून जाते. अंदाज हवा तो यासाठीच. धूळ दिवसभर पाठ सोडत नाही, ओझोनची वेळ मात्र टाळता येते. आदल्या रात्री कळलं तर पोरांचं उन्हाळी शिबिर दुपारी तीनऐवजी सकाळी सातला घेता येईल.

निवृत्त शाखा अभियंता: भाऊ, आधी कॉलेज कॉर्नर ते पुष्पराज चौक दुचाकीवर या आणि रुमालानं तोंड पुसा. रुमालावर जे येईल ते मोजायला यंत्र लागत नाही. रस्ते झाडा, खड्डे बुजवा, मग ओझोनचं बोला. मी नोकरीत असताना असाच हवेचा फलक एका चौकात लागला. नारळ फुटला, पेढे वाटले, पहिल्याच पावसाळ्यात फलक बंद. पुढं त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. खरेदी झाली की सगळ्यांचं काम संपतं. ओझोनच्या यंत्राला सतत कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतोय का ते तपासून जुळवणं लागतं, ते कोण करणार? आणि सकाळी सात म्हणता, डिसेंबरात सकाळी सातला कृष्णाकाठी धूर जमिनीलगत बसलेला असतो. तेव्हा पोरांना कुठं पाठवायचं?

कुपवाडची आई: साहेब, तुमच्या रुमालावर ओझोन दिसत नाही. तोंडाला लावायचा मास्कही तो अडवत नाही, वायू आहे तो. माझ्या मुलाला दमा आहे. मार्चपासून दुपारी खेळून आला की छाती भरते, पंप द्यावा लागतो. डॉक्टर विचारतात, धुळीत होता का? मैदानावर पाणी मारलेलं असतं हो! ओझोनच कारण आहे असा माझा दावा नाही. पण त्या दुपारी हवेत काय होतं हे विचारायला मी जाऊ कुठं?

माधवनगर: ताई, आधी रात्री उसाच्या फडात पेटलेला जाळ बघा. सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर काळी राख पडलेली असते. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला जाळणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, निम्मा प्रश्न सुटेल.

वाळव्याचा ऊसवाला: आलात का शेतकऱ्यावर! एकरी तीन-चार टन पाचट पडतं. ऊसतोड टोळी गेली की खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, लगेच पाणी द्यायचं असतं. मजूर नाही, पाचटाचा भुगा करणाऱ्या कुट्टी मशीनचा नंबर लागत नाही. तुमच्या दारात दोन-दोन गाड्या, त्यांच्यावर गुन्हा कधी?

माधवनगर: माझ्या मामांनी जाळणं सोडून वर्षं झाली. पाचट सरीत दाबतात, जमीन भुसभुशीत झाली, पाणीही कमी लागतं. करायचं नसलं की कारणं सापडतात.

वाळव्याचा ऊसवाला: मामांचा ट्रॅक्टर घरचा असेल. माझं रान दीड एकर, भाड्यानं सगळं. एकदा रानात उभं राहा, मग शिकवा.

माधवनगर: आवाज चढवू नका. राख माझ्या घरात येते.

तासगावचा द्राक्षवाला: दोघंही थांबा. पाचटाच्या धुरातही ओझोनचा कच्चा माल असतो, ते नाकारून चालणार नाही. पण शहराचा धूर वाऱ्यानं आमच्या बागांवर येतो, हे कोण बोलणार? ओझोननं द्राक्षाच्या पानावर बारीक तपकिरी ठिपके पडतात, कॅलिफोर्नियात १९५८ सालीच ते लिहून ठेवलंय. माझ्या बागेत जुन्या पानांवर, वरच्या अंगाला असेच ठिपके आहेत. पान उलटून बघितलं तर डाऊनी रोगाची पांढरी बुरशी नाही. दुकानदार म्हणतो, फवारा. फवारलं, पैसे गेले, ठिपके तसेच. आकडा असता तर निदान औषधाच्या बाटलीआधी तो बघितला असता.

विश्रामबागकर: अभियंता साहेब, डिसेंबरच्या सकाळचं तुमचं म्हणणं बरोबर. म्हणून तर तासातासाची मोजणी हवी. आणि यंत्र फक्त चौकात लावू नका. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, तिथं आकडा कमी येणार आणि सगळे म्हणणार, हवा झकास. दुसरं यंत्र शहराबाहेर हवं, वारा जाईल त्या बाजूला. पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' ही सेवा २०१३ पासून हवेचा अंदाज देतेय. अंदाज चुकतो, पण खाली मोजणी आहे म्हणून चूक कळते. मोजणी नसेल तर चुकला तरी कळायचं नाही.

निवृत्त शाखा अभियंता: पाच वर्षांचा देखभाल करार, बंद पडलं तर दिवसाला दंड, तासाचा आकडा सगळ्यांना खुला. एवढं लेखी मिळालं तर माझा विरोध नाही. मिळणार नाही, म्हणून विरोध आहे.

कुपवाडची आई: या तीनही अटी घालून अर्ज मी लिहिते. महापालिकेत द्यायला सोबत कोण येतंय?

वाळव्याचा ऊसवाला: माझी सही हवी तर कुट्टी मशीनची मागणी त्याच अर्जात घाला. नाहीतर मला धरू नका.