मदत हवी आहे: एका लांब रेकॉर्डिंगमधून शेकडो अहिराणी शब्द वेगवेगळ्या फाइलींत काढायचे आहेत

राम राम मंडळी,

आम्ही काही जणी मिळून अमळनेर, पारोळा आणि साक्री भागातल्या वयस्कर बायांकडून अहिराणी शब्द रेकॉर्ड करतोय. शाळेतल्या पोरांनी मोबाइलवर शब्दावर बोट ठेवलं की तो आजीच्या आवाजात ऐकू यावा, एवढ्यासाठी. आमच्याकडची लहान मुलं घरात 'डोया' ऐकतात आणि शाळेत 'डोळा' लिहितात, हळूहळू घरातही 'डोळा'च म्हणू लागतात. ज्या बायांच्या तोंडी ही बोली अजून सहज आहे, त्या आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. म्हणून हे काम रेंगाळू द्यायचं नाहीये.

रेकॉर्डिंग चांगलं आहे. हातातला छोटा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. एका बैठकीची एकच सलग फाइल असते. आम्ही शब्द विचारतो, बाई तो दोनदा म्हणते, मग त्याचं एक वाक्य सांगते. आजूबाजूला कूलर, कधी शेजारच्या वावरातला पंप, मधूनच मोटारसायकल.

अडतंय ते पुढे. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) एक शब्द निवडायचा, नॉइज काढायचा, आवाज वाढवायचा, एक्स्पोर्ट करायचं, नाव टाइप करायचं, फोल्डर शोधायचं, माहिती भरायची खिडकी उघडते ती बंद करायची, मग पुढचा शब्द. संध्याकाळ जाते आणि यादी जिथल्या तिथे. शिवाय सगळ्या क्लिप एकामागून एक ऐकल्या तर एक शब्द ओरडल्यासारखा, दुसरा कुजबुजल्यासारखा.

आवाज असलेल्या जागा आपोआप शोधणारं लेबल साउंड्स वापरून पाहिलं. त्यात अहिराणीची एक खास अडचण आली. 'मी जास', 'तू करस' अशा रूपांच्या शेवटी 'स' असतो, आणि बाया तो फार हलका म्हणतात. तो 'स'च कापला जातो. 'मी जा' उरतं! व्याकरणच गेलं म्हणजे.

तर, शब्द आपोआप वेगळे करून, एक्सेलमधल्या यादीतलीच नावं देऊन, सगळ्यांचा आवाज सारखा ठेवून एका दमात बाहेर काढता येतील का? घरचा जुना लॅपटॉप आहे, आणि विकतचं सॉफ्टवेअर शक्यतो नको.

—

प्रतिसाद, जळगावहून

ताई, काम फार मोलाचं आहे. आणि ऑडॅसिटीतच होईल, दुसरं काही घ्यायची गरज नाही. फक्त क्रम बदला. शब्दाशब्दाला प्रक्रिया करू नका. अख्ख्या बैठकीवर एकदाच प्रक्रिया करा, मग लेबलं (कुठून कुठपर्यंत कोणता शब्द आहे त्याच्या खुणा) लावा, आणि शेवटी एकदाच एक्स्पोर्ट करा.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तिच्या प्रतीवर काम करा. आधी तुमचे प्रश्न विचारणारे आवाज सायलेन्स करा. ते मायक्रोफोनच्या जवळचे असतात आणि पुढचं मोजमाप बिघडवतात. त्यांचा तुकडा कापून काढू नका, नुसता शांत करा. मग ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालची जाड घरघर कमी होते. मग नॉइज रिडक्शन: कोणी बोलत नसताना नुसता कूलर ऐकू येतो असे चार-पाच सेकंद निवडून प्रोफाइल घ्या, नंतर सगळी फाइल निवडून लावा, पण ६ ते ९ डेसिबलवर थांबा. 'स', 'श', 'ह' हे ध्वनी स्वतःच हवेच्या फुसफुशीसारखे असल्यामुळे जास्त दाब दिला की कूलरबरोबर तेही जातात. तुमचा 'स' निम्मा तिथेच जात असेल. थोडा कूलर ऐकू आला तर येऊ द्या. मोटारसायकल मात्र यानं जाणार नाही. ती जिथे आडवी आली तो शब्द बाईंकडून पुन्हा घ्या.

आता आवाजाच्या पातळीबद्दल, कारण चुकीचा सल्ला इथेच सर्वात जास्त मिळतो. लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे कानाला जाणवणारा आवाज मोजून ठरलेल्या पातळीवर आणणं, एकेका शब्दावर लावू नका. ते मोजमाप ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर चालतं, आणि 'फय' किंवा 'केय' हा शब्द बऱ्याचदा त्याहून छोटा असतो. एवढ्याशा आवाजावरून धड आकडा निघत नाही, म्हणून क्लिपा वरखाली होतात. एका बाईची अख्खी बैठक एकदम घ्या आणि उणे १९ ते उणे १६ लफ्सच्या (या मोजमापाचं एकक, LUFS) मध्ये कुठेतरी आणा. सगळ्या बायांसाठी तोच आकडा. मधली शांतता हे मोजमाप आपणहून वगळतं, तिची काळजी नको. नंतर लिमिटर उणे १ डेसिबलवर, म्हणजे त्यावर उसळणारी टोकं दाबली जातात.

मग लेबल साउंड्स. त्यात आवाजाच्या आधी आणि नंतर किती शांतता सोबत घ्यायची याचे दोन आकडे असतात. नंतरचा आकडा ०.३ सेकंदापर्यंत वाढवा, 'स' परत येईल. उंबरठ्याचा (थ्रेशोल्ड, ज्याच्या वरचं तेवढंच आवाज म्हणून धरलं जातं) डेसिबल आकडाही थोडा खाली न्या. लेबलचा प्रकार 'रीजन अराउंड साउंड्स' (आवाजाभोवतीचा पट्टा) निवडा, म्हणजे एक्स्पोर्ट करताना फक्त त्या पट्ट्यातला आवाज बाहेर जातो, मधली बडबड नाही. यंत्राचं झालं की डोळ्यांनी एकदा नजर फिरवा, पट्ट्याची टोकं माउसनं ओढता येतात. सुटलेला शब्द निवडून कंट्रोल आणि बी दाबलं की नवं लेबल.

शेवटी एक्स्पोर्ट. जुन्या आवृत्तीत 'एक्स्पोर्ट मल्टिपल' असं वेगळं आहे, नव्या आवृत्तीत 'एक्स्पोर्ट ऑडिओ'च्याच खिडकीत अनेक फाइलींचा पर्याय आहे. लेबलप्रमाणे तोडा, नावही लेबलचंच घ्या. दर फाइलीला उघडणारी ती माहितीची खिडकी जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमधल्या इम्पोर्ट-एक्स्पोर्टखाली बंद करता येते.

—

प्रतिसाद, धुळ्याहून

वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर. नावांचं मी सांगतो.

लेबलं मजकूर फाइल म्हणून बाहेर काढता येतात. प्रत्येक ओळीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि नाव, मध्ये टॅब. ती लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा, उघडताना तिन्ही रकाने 'मजकूर' ठेवा, नाहीतर वेळेचे आकडे बदलण्याची भीती. तिसऱ्या रकान्यात तुमची यादी चिकटवा, युटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट राहतात ती पद्धत) टॅबसह जतन करा, जुना लेबल ट्रॅक काढून ही फाइल परत आत घ्या. सगळी नावं एका फटक्यात.

पण शब्दच फाइलीचं नाव करू नका असं माझं ठाम मत आहे. 'पोऱ्या' घ्या. हा जोडाक्षराचा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. एकीनं एका कीबोर्डवर यादी केली, दुसरीनं दुसऱ्या, की अ‍ॅपला फाइल सापडत नाही आणि कारण कोणालाच कळत नाही. फाइलीला नुसता क्रमांक द्या, ०००१ असा चार आकडी, म्हणजे क्रमही बिघडत नाही. हे आकडे इंग्रजी ठेवा, 0001 असे. पुढे गावाचा एक सांकेतिक आकडा. शब्द, अर्थ, गाव, बाईंचं वय हे सगळं तक्त्यात राहू द्या. गाव नक्की नोंदवा: साक्रीकडची आणि पारोळ्याकडची अहिराणी एक नाही, आणि पुढे यावल-रावेरकडे गेलात तर लेवा गणबोली लागेल.

—

प्रतिसाद, नंदुरबारहून

मी रीपर वापरतो, तेही आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर आहे. ६० दिवस पूर्ण चालतं, पुढे परवाना घ्यावा लागतो. त्यात प्रक्रिया मूळ आवाजावर कोरली जात नाही, वरून लावलेली असते, म्हणून उद्या नॉइजची सेटिंग बदलली तरी रीजन तसेच राहतात आणि पुन्हा रेंडर केलं, म्हणजे फाइली नव्यानं बाहेर काढल्या, की झालं. नावात रीजनचं नाव आपोआप येतं. यादी शेकड्यांतच राहणार असेल तर ऑडॅसिटी पुरे. कोशच करायचा मनात असेल तर रीपर शिकून घ्या.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पारोळ्याची एक बैठक या क्रमानं करून पाहिली. 'मी जास' पूर्ण ऐकू येतंय, आणि क्लिपा ओळीनं ऐकताना आवाज कुठे दचकवत नाही.

एक अडलं. बाई शब्द दोनदा म्हणते आणि कधी तिसऱ्यांदाही, त्यामुळे लेबलांच्या ओळी आणि यादीच्या ओळी जुळत नाहीत. आणि अ‍ॅपसाठी वेव्ह ठेवायची की एमपी३?

—

प्रतिसाद, जळगावहून

ताई, यादी चिकटवण्याआधी नको असलेल्या उच्चारांची आणि वाक्यांची लेबलं पुसा. शब्दाला एकच लेबल राहिलं की ओळी जुळतील. कॅल्कमध्येही सोपं आहे: शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वजा करा, वाक्यांचा आकडा मोठा येतो, ती लगेच वेगळी काढता येतात. वाक्यांची दुसरी लेबल फाइल करा, कामाला येतील. पुढच्या बैठकीपासून नवा शब्द विचारण्याआधी एक टिचकी वाजवा. लहरीत ती उभ्या रेघेसारखी दिसते, शब्द कुठे बदलला ते शोधावं लागत नाही.

दोन्ही ठेवा. एक्स्पोर्ट वेव्हमध्येच करा. तुमच्या सेटिंगला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे दोन सेकंदांचे हजार शब्द तीनशे एमबीच्या आत. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ केल्या तर तेच १६ एमबी, खेड्यातल्या नेटवर चालतील असे. ऑडॅसिटीच्या मॅक्रोत (ठरवून दिलेल्या पायऱ्या अनेक फाइलींवर आपोआप चालवण्याची सोय) 'एमपी३ म्हणून एक्स्पोर्ट' एवढीच पायरी ठेवून सगळ्या वेव्ह फाइलींवर चालवा, त्या मॅक्रो-आउटपुट नावाच्या फोल्डरमध्ये तयार मिळतील.

आणि मधली शांतता कापून टाकणाऱ्या ट्रंकेट सायलेन्सला हात लावू नका. त्यानं फाइलीची लांबी बदलते. लांबी जोवर तीच आहे तोवर तुमची लेबल फाइल मूळ रेकॉर्डिंगलाही तंतोतंत बसते. पाच वर्षांनी नॉइज काढायचं यापेक्षा चांगलं साधन आलं, तर मूळ फाइल साफ करायची, हीच लेबलं आत घ्यायची आणि सगळे शब्द पुन्हा काढायचे. म्हणून मूळ वेव्ह, लेबलांची मजकूर फाइल आणि तक्ता या तिघांच्या प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा.

—

प्रतिसाद, नंदुरबारहून

अजून एक. लिंग्वा लिब्रे नावाची विकिमीडियाची सोय आहे. यादी दिली की एकेक शब्द पडद्यावर येतो, म्हणून झाल्यावर शांतता ओळखून ती पुढच्या शब्दावर जाते, आणि फाइली विकिमीडिया कॉमन्सवर चढतात. कापाकापी नाहीच. पण त्या फाइली मुक्त परवान्याखाली जातात, कोणीही वापरू शकतं. बायांना हे नीट समजावून, त्या हो म्हणाल्या तरच.

—

धागाकर्ती

ते विचारल्याशिवाय करणार नाही. साक्रीच्या बैठकीत हे त्यांच्यासमोर अहिराणीतच मांडते, आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहिते. तोवर पारोळ्याचे शब्द क्रमांकावर घेतेय. जात्यावरच्या ओव्याही रेकॉर्ड केल्या आहेत, त्यांत जात्याची घरघर आहे. ती काढावी की ठेवावी?

—

प्रतिसाद, जळगावहून

ठेवा. ओवी त्या घरघरीच्या लयीवर म्हटली जाते. ओव्यांना फक्त पातळी लावा आणि ओवीला एक लेबल, नॉइज रिडक्शन अजिबात नको.