द्विशिक्षकी शाळेला स्टाफरूम कुठली?
स्टाफरूममध्ये गप्पा जमल्या की नवा शिक्षक शाळेत रुळतो, असं म्हणतात. पटतं. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत स्टाफरूमच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यातला एक बैठकीला नाहीतर रजेवर गेला की दुसरा दिवसभर एकटाच. मोठ्या माणसाशी बोलायचं तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी, तेवढ्याच.

मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर, अशाच एका वाडीवर लागले. मला माणसं मिळाली ती केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत. महिन्यातून एकदा या शाळांमधले गुरुजी आणि बाई केंद्रशाळेत जमायचे. सकाळचा वेळ माहिती भरून देण्यातच जायचा, खरी परिषद दुपारी डबे उघडल्यावर. तिथेच एका ज्येष्ठ बाईंनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची ते दाखवलं. गठ्ठा मुलांनाच सोडू द्यायचा, आपण हात लावायचा नाही. मग माझ्या पोळीवर ठेचा वाढत विचारलं, "रात्री एकटीच असतेस का गं खोलीवर?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे बदलीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी तेच केंद्र मागितलं. म्हणून परिषद ऑनलाइन उरकू नका, असं मी प्रत्येक केंद्रप्रमुखांना सांगते.