फिलिपिन्सचं अस्सल लोकगीत कोणतं: डोंगरातलं हुधुद की गिटारीवरचं बहाय कुबो?

रानवारा:
फिलिपिनो लोकगीतं म्हटलं की 'बहाय कुबो' आणि 'लेरोन लेरोन सिन्ता' हीच पुढे येतात. माझ्या मते हा अन्याय आहे. ही सखल भागातली, तागालोग भाषेतली, स्पॅनिश वळणाच्या चालीची, गिटार आणि बांदुरिया या तंतुवाद्यावर वाजणारी गाणी. तीनशेहून अधिक वर्षांची परकी सत्ता त्यांच्या सुरात मुरली आहे. लुझोन बेटाच्या डोंगरातल्या इफुगाओ जमातीचं हुधुद, म्हणजे लांबलचक गायची आख्यानं, ऐका. भाताच्या पेरणीला, कापणीला, मयताजवळच्या जागरणाला ते गातात. एक जाणती बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. 200 हून जास्त आख्यानं, प्रत्येकात साधारण 40 प्रसंग. एकच पुरं गायला कित्येक दिवस लागतात. 2001 मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. देशाची ओळख सांगायची तर इथून सांगा.

मांडवीकाठ:
अजिबात पटलं नाही. बहाय कुबो म्हणजे झावळ्यांच्या छोट्या घराभोवतीचा परसू, एकामागून एक भाज्यांची नावं. त्यातले शेंगदाणे, टोमॅटो, भोपळा मूळचे अमेरिका खंडातले. 1565 ते 1815 मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतं चालली, त्या काळात असं बरंच पीक तिकडून आलं. आता हा परसू परका म्हणणार? माणसांनी लावला, खाल्ला, गायला, म्हणजे त्यांचा झाला. आमच्या गोव्यातल्या मांडो या गीतप्रकारावरही युरोपी छाप आहे, तरी तो कोकणीत आमच्या घरातलं सुखदुःख सांगतो. चाल कुठून आली यावर गाण्याचं गोत्र ठरवू नका.

रानवारा:
परसू त्यांचा, मान्य. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बहाय कुबो पोरांना पाठ असतं, हुधुद मात्र मोजक्या म्हाताऱ्या बायकांकडे उरलंय. कापणी यंत्राने होऊ लागली, लोक कॅथलिक झाले, गायचे प्रसंगच आटले. दोघांना एकाच तराजूत घालून 'सगळी आपलीच' म्हणणं म्हणजे दुबळ्याला मरू देणं.

ओवीकर:
दोघेही तागालोग आणि इफुगाओपाशीच अडकलात. विसाया बेटांवरचं 'दान्दान्सोय' घ्या. बाई माहेरच्या वाटेला लागताना सांगते: आठवण आली तर माझ्या गावाकडे बघ, मागे येणार असशील तर पाणीसुद्धा घेऊ नकोस, तहान लागली तर वाटेत झरा खण. एवढं मानी विरहगीत चालीवरून बाद करायचं? आणि दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मरानाव मुसलमानांचं दारांगेन हे महाकाव्य? 17 खंड, 72,000 ओळी. त्यावर स्पेनचा ठसा नाही, पण तेही भाताच्या खाचरातलं नाही.

मांडवीकाठ:
रानवारा, जतनाबाबत तुमच्यासोबत आहे. 1992 च्या कायद्याने तिथे पारंपरिक कलावंतांना राष्ट्रीय सन्मान मिळू लागला. पहिल्या मानकऱ्यांत मिंदोरो बेटावरच्या मांग्यान जमातीची आंबाहान कविता जपणारे गिनाव बिलोग होते. जाणत्यांकडून मुलांना शिकवायच्या शाळाही चालतात. पण त्यासाठी बहाय कुबोला उपरं ठरवायची गरज नाही.

रानवारा:
शाळा हवीच. पण वर्गात बसून घोकलेलं हुधुद स्पर्धेत थोडक्यात उरकलं जातं. मला ते खाचरात, हातात पीक असताना हवंय. त्यासाठी आधी त्या डोंगरातली शेती पिकवणाऱ्याला परवडली पाहिजे. पैसा गाण्यासोबत तिथेही जाऊ द्या.