मिक्झोमातलं इंटरल्यूकिन-६ म्हणजे नुसती पुस्तकी बाब?

इको_कोथरूड: इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) मिक्झोमा, म्हणजे हृदयातली कर्करोग नसलेली गाठ, दिसला की सर्जनकडे पाठवा, विषय संपला. ताप, वजन घटणं, चढलेला ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) हे सगळं गाठीने मायट्रल झडप अडवल्यामुळे. इंटरल्यूकिन-६ (दाह वाढवणारा संदेश-रेणू) मोजणं म्हणजे पेशंटचे पैसे वाया.

पेशीवाली: सर्जनकडे पाठवा हे बरोबर, कारण मात्र साफ चूक. झडप अडली तर धाप लागेल, घेरी येईल. गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडं) कशाने वाढेल? मिक्झोमाच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ बनवतात, हे हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच दाखवलं. तो यकृताला कामाला लावतो. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) वाढलं की तांबड्या पेशींच्या चळती लागतात आणि ईएसआर चढतो. हेपसिडिन (लोह अडवणारं यकृतातलं संप्रेरक) वाढलं की लोह साठ्यातच अडकतं: सीरम आयर्न कमी, फेरिटिन (लोहसाठ्याचं माप) भरपूर, हिमोग्लोबिन ९. अशा पेशंटला महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या देऊन काय होणार?

इको_कोथरूड: बरं, कारण तुमचं खरं. पण निर्णय बदलतो का? पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू-चिकनगुनियाने सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेल्यांची रांग असते. सगळ्यांचं इंटरल्यूकिन करायचं?

पेशीवाली: अहो, सगळ्यांचं करा असं कुठे म्हटलं मी? ताप हटत नाही, ब्लड कल्चर निगेटिव्ह (रक्तात जंतू वाढत नाहीत), सांधे दुखतात, तर इको करा, एवढंच. नाहीतर व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) समजून स्टेरॉइड सुरू होतं. ताप उतरतो, सीआरपी उतरतो, आणि गाठ डाव्या अलिंदात झुलतच राहते. पृष्ठभाग झालरीसारखा, जेलीसारखा मऊ असेल तर तुकडा सुटून थेट मेंदूत जातो.

नळी_सांभाळा: मोजायचंच असेल तर नीट मोजा! सदाशिव पेठेत रक्त घ्यायचं, नळी दुचाकीच्या डिकीत दुपारभर फिरवायची, संध्याकाळी हडपसरच्या लॅबमध्ये उतरवायची. तोवर नळीतल्या मोनोसाइट (पांढऱ्या) पेशीच इंटरल्यूकिन सोडू शकतात आणि आकडा खोटा चढतो. ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) नळी घ्या, लगेच सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढा, गोठवून पाठवा.

इको_कोथरूड: म्हणजे माझंच खरं. सीआरपी आणि ईएसआर पुरे.

नळी_सांभाळा: ईएसआर तरी कुठे पुरतो? खोलीच्या तापमानात ४ तासांपेक्षा जास्त पडून राहिलेल्या रक्ताचा ईएसआर खोटा कमी येतो, आणि अ‍ॅनिमिया असला की उगाच जास्त. सीआरपी तेवढा प्रवासात टिकतो. इकोच्या खोलीत बसून ‘पुरे’ म्हणणं सोपं आहे, रक्त आधी वेळेत पोचवा.

टाका_दोरा: नळीवरून किती भांडाल! ऑपरेशननंतर लगेच सीआरपी पाहून गाठ राहिली म्हणून घाबरू नका. छाती उघडली की तो चढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो. दोन-तीन महिन्यांनी बघा. आणि क्रॉस-क्लॅम्प (महाधमनी बंद करणारा चिमटा) लागेपर्यंत हृदयाला कमीत कमी हात लावा. गाठीचा देठ फोसा ओव्हॅलिसच्या (दोन अलिंदांमधल्या खळग्याच्या) पडद्यासकट कापा, भोकाला पेरिकार्डियमचा (हृदयाभोवतीच्या आवरणाचा) पॅच लावा.

पर्वती_पायथा: ऑपरेशन लांबणारच असेल तर तोवर टोसिलिझुमॅब (इंटरल्यूकिन-६ चं काम रोखणारं औषध)?

पेशीवाली: नको! ते इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर अडवतं, गाठ नाही. सीआरपी खाली येईल, रक्तातलं इंटरल्यूकिन-६ उलट वाढलेलं दिसेल, आणि तुकडा सुटायचा धोका तसाच.

इको_कोथरूड: टोसिलिझुमॅबवर एकमत. ‘झडप अडवल्यामुळे’ हे शब्द मूळ पोस्टमधून काढतो. न हटणाऱ्या तापात इको, हेही जोडतो. इंटरल्यूकिनची तपासणी मात्र मी लिहून देणार नाही.

नळी_सांभाळा: नका देऊ. ईएसआर लिहाल तेव्हा रक्त काढल्याची वेळ तेवढी फॉर्मवर टाका.