एका मॅचमधला खेळ आकड्यात कसा मोजावा?

मधली_रेघ
सोळा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाचं काम बघतो. ‘आज भारी कोण खेळलं’ यावर मॅचनंतर ठरलेला वाद. अधिकृत स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल सोडून हाती फारसं लागत नाही, त्यामुळे जिचे पॉइंट जास्त तीच हिरॉइन. एका मॅचपुरता कोणता आकडा काढावा? प्लस-मायनस (ती मैदानात असताना आपले पॉइंट वजा समोरच्यांचे) चालेल का?

आकडेबाज
प्लस-मायनस एका मॅचसाठी नकोच. सोबतच्या चौघी पेटल्या असतील तर काही न करताही पोरगी +१५ घेऊन बाहेर येते.

बास्केटबॉलचा आकडेतज्ज्ञ जॉन हॉलिंजर याचा गेम स्कोअर वापरा:
पॉइंट + ०.४×पडलेले शॉट − ०.७×मारलेले एकूण शॉट − ०.४×हुकलेले फ्री थ्रो + ०.७×ऑफेन्सिव्ह रिबाउंड + ०.३×डिफेन्सिव्ह रिबाउंड + स्टील + ०.७×असिस्ट + ०.७×ब्लॉक − ०.४×फाउल − टर्नओव्हर. (फ्री थ्रो म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, तो ‘शॉट’मध्ये धरायचा नाही; रिबाउंड म्हणजे हुकलेला शॉट पकडणं, आपल्यांचा असेल तर ऑफेन्सिव्ह, समोरच्यांचा तर डिफेन्सिव्ह; स्टील म्हणजे बॉल हिसकावणं; असिस्ट म्हणजे ज्यावर बास्केट पडली तो पास; ब्लॉक म्हणजे समोरचीचा शॉट अडवणं; टर्नओव्हर म्हणजे बॉल गमावणं.)

अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये १० म्हणजे साधारण खेळ, ४० म्हणजे जबरदस्त. कोबी ब्रायंटचे २००६ मधले टोरांटोविरुद्धचे ८१ पॉइंट यात ६३.५ भरतात. मायकेल जॉर्डनने १९९० मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध ६९ केले, म्हणजे १२ कमी, तरी त्याचे ६४.६! १८ रिबाउंड आणि ६ असिस्ट कामी आले, शिवाय शॉटही कोबीपेक्षा ९ कमी मारले होते.

डावखुरी
सूत्र चांगलं आहे, पण शाळकरी संघाला जपून. हिशोब करून बघा: दोनचा शॉट पडला की +१.७, हुकला की −०.७. म्हणजे दहातले तीन पडले तरी स्कोअर वाढतोच. तीनच्या शॉटला तर पाचात एकाच्या किंचित वर पडले तरी भागतं. मुलींना हे कळलं की पासिंग संपलं म्हणून समजा.

म्हणून शेजारी ट्रू शूटिंग, म्हणजे प्रयत्नांच्या मानाने पॉइंट किती, तेही लिहाच: पॉइंट ÷ (२ × (शॉट + ०.४४×फ्री थ्रो)). कोबीने २०१६ च्या निरोपाच्या मॅचमध्ये ६० केले, पण ५० शॉट मारून. ट्रू शूटिंग ५४ टक्के, त्या हंगामाच्या लीग-सरासरीइतकंच. ८१ वाल्या मॅचमध्ये तेच ७४ होतं.

आणि समोरच्या पॉइंट गार्डला (बॉल पुढे आणून खेळ रचणारीला) जिने अख्खी मॅच बॉल सुखाने घेऊ दिला नाही, तिच्या नावावर यात काहीच चढत नाही. तिच्यासाठी तुमचे डोळेच लागतील.

मधली_रेघ
दोघांचे आभार. बेंचवरच्या दोघींना वही देतो, एक शॉट लिहील, दुसरी बाकीचं. फाउल होऊन शॉट हुकला तर तो मोजायचा का?

आकडेबाज
नाही, तेव्हा फक्त फ्री थ्रो लिहायचे. फाउल होऊनही पडला, तर शॉट आणि फ्री थ्रो दोन्ही. असिस्टचं मात्र आधीच ठरवून घ्या, त्यावरून वहीवाल्या दोघींचंच जुंपेल.