एनग्रेव्हिंगला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

जुन्या एनग्रेव्हिंगच्या फ्रेम्स भिंतीवर लावायच्यात, सगळी लयाला गेलेल्या साम्राज्यांची चित्रं, रोम, पालमायरा (सीरियातलं प्राचीन शहर), इजिप्त अशी. प्रत्येकाखाली मराठीत एक ओळ लिहायची आहे आणि तिथेच गाडी अडलीय. 'कोरीव चित्र' लिहिलं की वाचणाऱ्याला लाकडात कोरलेलं काहीतरी वाटतं, 'रेखाचित्र' म्हणजे तर हाताने काढलेलं. 'ताम्रपट' हा शब्दही कोणीतरी सुचवला. शिवाय 'फॉलन एम्पायर'ला 'पडलेलं साम्राज्य' म्हणवत नाही. तुम्ही काय लिहाल?

——

ताम्रपट नकोच, तो म्हणजे दानपत्र, राजाने गाव इनाम दिलं त्याचा लेख, त्याचा छापण्याशी संबंध नाही.

'कोरीव' का खटकतं ते बघा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा कोरायच्या, वरून शाई फासायची, मग पत्रा पुसून घ्यायचा, शाई फक्त रेघांच्या खाचांत राहते, त्यावर दमट कागद ठेवून प्रेसच्या रुळांतून जोरात दाबून काढायचा. म्हणजे कोरलेला असतो तो पत्रा, आपण भिंतीवर लावतो ती त्याची छाप. म्हणून मी 'मुद्राचित्र' म्हणेन, मुद्रा म्हणजे ठसा हे कोणालाही कळतं. त्याहून सोपं हवं तर 'तांब्याच्या ठशावरून छापलेलं चित्र' लिहा, लांब आहे पण गैरसमजाला जागा नाही.

——

मुद्राचित्र चांगला शब्द आहे पण तो छापचित्रांच्या सगळ्या जातींना लागू होतो, तुमच्याकडची चित्रं एकाच पद्धतीची नसणार. रोमची म्हणजे बहुधा पिरानेझी या इटालियन चित्रकाराची असतील, त्याने १७४० च्या दशकाच्या अखेरीपासून १७७८ मध्ये मरेपर्यंत रोमच्या दृश्यांची मोठी मालिका केली, १३५ चित्रं, पण ती मुख्यतः एचिंग आहेत. त्यात पत्र्यावर मेणासारखा थर देऊन सुईने तो खरवडतात आणि उघडं पडलेलं तांबं ॲसिड खातं. त्याला मराठीत 'अम्लरेखन' आहे आणि मला तो शब्द मनापासून आवडतो, कारण त्यात कृती दिसते. इजिप्तची डेव्हिड रॉबर्ट्स या स्कॉटिश चित्रकाराची असली तर ती लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप, १८४० च्या दशकातली, तिथे कोरकामच नाही, दगडावर तेलकट खडूने काढलेलं असतं. या सगळ्याला सरसकट 'एनग्रेव्हिंग' म्हणून विकतात, निदान आपल्या ओळीत तरी फरक दिसू दे.

——

चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं असतील ती वाचा. पुष्कळ जुन्या छापांवर डावीकडे एका नावापुढे 'डेलिन.' आणि उजवीकडे दुसऱ्या नावापुढे 'स्कल्प.' असतं, लॅटिनमधली संक्षिप्त रूपं आहेत, पहिल्याचा अर्थ 'याने रेखाटलं' आणि दुसऱ्याचा 'याने कोरलं'. दोन माणसांचं काम आहे हे त्या दोन शब्दांतून कळतं, तेव्हा मराठी ओळीतही 'रेखाटन अमुक, कोरकाम तमुक' असं लिहाच, कोरणाऱ्याचं नाव नेहमी गाळलं जातं आणि ते बरोबर नाही.

——

साम्राज्याबद्दल. मराठीत राज्य बुडतं, सत्ता जाते, साम्राज्य कोसळतं किंवा लयाला जातं. 'पडलेलं' सरळ इंग्रजीतून उचललेलं वाटतं, सरकार पडतं, साम्राज्य नाही. पण 'बुडालेलं साम्राज्य' असं विशेषण केलं की द्वारकेसारखं समुद्रात गेलेलं वाटतं, म्हणजे क्रियापद चालतं आणि विशेषण चालत नाही, गंमत आहे. 'अस्तंगत साम्राज्यं' छान, थोडं पुस्तकी आहे पण फ्रेमखाली शोभतं.

'रुइन्स'साठी 'खंडहर' नको, तो हिंदी. 'भग्नावशेष' आणि 'उद्ध्वस्त' यातला फरक मात्र जपा. काळाने, पावसापाण्याने, दुर्लक्षाने मोडकळीला आलेलं ते भग्न, आणि उद्ध्वस्त म्हटलं की कोणीतरी मुद्दाम पाडलं असा अर्थ येतो.

——

हा फरक पालमायराला फार लागू पडतो. रॉबर्ट वुड हा अभ्यासक प्रवासी तिथे १७५१ मध्ये गेला, त्याच्याबरोबरच्या बोर्रा या इटालियन वास्तुकाराने रेखाटनं केली आणि त्यावरून कोरलेली चित्रं १७५३ मध्ये लंडनला छापून आली. तिथली राणी झेनोबिया हिचं राज्य रोमन सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकातच संपवलं होतं, पण बेल देवाच्या देवळाचा गाभारा वुडला उभा दिसला, तो पुढेही अडीचशे वर्षांहून जास्त उभा राहिला आणि २०१५ मध्ये आयसिसने सुरुंग लावून उडवला. म्हणून चित्राखाली 'भग्नावशेष' लिहा, कारण चित्रात तेच आहे, आणि 'उद्ध्वस्त' हा शब्द २०१५ साठी राखून ठेवा. मला तर वाटतं ओळीत १७५३ आणि २०१५ ही दोन्ही सालं असावीत, बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे देऊळ आता तिथे नाही.

——

अजून एक शब्द राहिला, 'प्रत' की 'प्रतिकृती'? भिंगातून बघा. तांब्याच्या मूळ छापेत रेघा सहसा सलग असतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदात उमटलेला असतो, फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, त्याच्या बाहेरून कापायला सांगा म्हणजे तो झाकला जाणार नाही. एकसारख्या रांगांत बारीक ठिपके दिसले तर ती हल्लीची छपाई (शिळाछापेत खडूचे कण दिसतात, पण ते असे रांगेत नसतात), तिला 'प्रतिकृती' म्हणा. मूळ पत्र्यावरून निघालेली ती 'प्रत', मग ती शंभरावी का असेना. प्रतिकृती लावण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तसं लिहावं: 'पालमायराचे भग्नावशेष, १७५३ च्या ताम्र-मुद्राचित्राची प्रतिकृती.'