राजा जॉन आणि विल्यम द ब्रोझ : थकलेले कर्ज की आर्थरचा खून?

तळटीप :
इंग्लंडचा राजा जॉन (कारकीर्द ११९९ ते १२१६) आणि त्याचे सरदार यांच्याविषयी वाचताना विल्यम द ब्रोझ या नावापाशी मी अडकलो आहे. ससेक्समधील ब्रॅम्बर ही याची वडिलोपार्जित जहागीर. शिवाय वेल्सच्या सीमेवर ब्रेकन, रॅडनर आणि अ‍ॅबरगेव्हनी त्याच्या ताब्यात होते. १२०३ मध्ये जॉनने त्यात गॉवरची भर घातली. त्यानंतर पाचच वर्षांत याच राजाने त्याच्या जमिनी जप्त केल्या, त्याला देशोधडीला लावले आणि १२१० मध्ये त्याची पत्नी मॉड व थोरला मुलगा यांना कैदेत उपाशी मारले. याचे कारण कुठे थकलेले कर्ज असे दिले आहे, तर कुठे राजाचा पुतण्या आणि गादीचा दुसरा दावेदार आर्थर याच्या खुनाशी संबंध जोडला आहे. जाणकारांना यांपैकी कोणते पटते? आणि वेल्सच्या राजाने फासावर चढवलेला विल्यम द ब्रोझ तो हाच का?

हिशेबनीस :
कर्ज खरे होते, परंतु राजाने ते कसे वापरले हे पाहिल्यावाचून उलगडा होत नाही. जानेवारी १२०१ मध्ये जॉनने त्याला आयर्लंडमधील लिमरिकची जहागीर ५००० मार्कांना दिली आणि दरसाल १००० मार्कांचा हप्ता ठरला. (मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड, असे नाणे इंग्लंडात पाडले जात नसे, तो हिशेबापुरता आकडा होता.) पुढच्या सहा-सात वर्षांत जेमतेम ७०० मार्कांच्या आसपास भरणा झाला. बड्या सरदारांनी खजिन्याचे देणे वर्षानुवर्षे थकवावे आणि मर्जी असेतोवर राजाने तिकडे काणाडोळा करावा, हे तेव्हा सर्रास चाले. मर्जी उडाली आणि तीच थकबाकी एकाएकी गुन्हा ठरली. पुढे जॉनने आपली बाजू मांडणारे एक जाहीर पत्र काढले व त्यावर सरदारांच्या साक्षी घेतल्या. राज्याचा रिवाज आणि खजिन्याचा कायदा यांना धरूनच आपण वागलो, असे तो त्यात ठासून सांगतो. माझ्या मते ज्या राजाला एका कर्जवसुलीसाठी इतका खुलासा करावा लागतो, त्याच्या मनात दुसरे काहीतरी असले पाहिजे.

रानजाई :
ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे आर्थर, असे मला वाटते. १ ऑगस्ट १२०२ रोजी फ्रान्समधील मिरबो येथे आर्थर पकडला गेला तो ब्रोझच्याच हाती, आणि १२०३ च्या वसंतात नॉर्मंडीतील रुआं येथील कैदेतून तो नाहीसा झाला. वेल्समधील मार्गम मठाच्या बखरीत असे नोंदले आहे की, ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी जॉनने दारूच्या धुंदीत त्याला स्वहस्ते ठार केले आणि प्रेताला जड धोंडा बांधून ते सीन नदीत टाकले. एवढा बारीक तपशील दक्षिण वेल्समधल्या भिक्षूंना कळला, तो ब्रोझच्या घरातूनच, असे काही इतिहासकार मानतात. १२०८ मध्ये निष्ठेची हमी म्हणून राजाने मुले ओलीस मागितली, तेव्हा ज्याने सख्ख्या पुतण्याला मारले त्याच्या हाती मी माझी मुले देणार नाही, असे मॉडने राजाच्या माणसांच्या तोंडावर सांगितले, ही हकीगत बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हर देतो. नवऱ्याने तिला तिथल्या तिथे दटावले, पण शब्द निघून गेला होता.

कुटुंब आयर्लंडला पळाले. १२१० मध्ये जॉन सैन्यासह तिकडे उतरला, तेव्हा मॉड स्कॉटलंडच्या बाजूला निघाली आणि गॅलोवेमध्ये पकडली गेली. तिने सुटकेसाठी ४०,००० मार्क कबूल केले; ही रक्कम जॉनच्या सुरुवातीच्या काळातील वर्षभराच्या महसुलाला भिडणारी होती. वसुलीची वेळ आली तेव्हा आपल्यापाशी २४ मार्क चांदी, २४ सोन्याची नाणी आणि १५ औंस सोने यांपलीकडे काही नाही, असे तिने सांगितले. हा तपशील राजाच्या त्याच पत्रात आहे. मायलेकांचा शेवट वेंडोव्हर विंडसरला घडल्याचे सांगतो, तर फ्लँडर्सकडचा एक बखरकार कॉर्फच्या किल्ल्यात. विल्यम भिकाऱ्याच्या वेषात फ्रान्सला निसटला आणि ऑगस्ट १२११ मध्ये कोर्बेय येथे वारला.

मात्र त्याच्याविषयी फार हळहळ वाटायला नको. ११७५ मध्ये याच गृहस्थाच्या अ‍ॅबरगेव्हनीच्या किल्ल्यात बोलावून आणलेल्या वेल्श सरदारांची कत्तल झाली होती. त्याच काळातला लेखक जेराल्ड ऑफ वेल्स त्याच्या धर्मशीलतेचे कौतुक करताना सांगतो की, पत्रांत जागोजागी देवाचे नाव घालावे म्हणून तो लेखनिकांना जादा पैसे देई!

तळटीप :
दोघांचेही आभार. कर्ज हे निमित्त होते, हे पटले. उरलेल्या कुटुंबाविषयी कोणी सांगू शकेल का?

वंशवेल :
आपण विचारलेला फासावर गेलेला विल्यम हा याचा नातू. मॉडचा एक मुलगा जाइल्स हेरेफर्डचा बिशप होता. त्याने १२१५ मध्ये ९००० मार्क कबूल करून वडिलांच्या जमिनी सोडवल्या आणि महिन्याभरातच तो वारला. मग त्याचा भाऊ रेजिनल्ड पुढे आला. त्याने वेल्सच्या लिवेलिन राजाची मुलगी ग्वलाडिस हिच्याशी दुसरे लग्न केले. रेजिनल्डचा आधीच्या पत्नीपासून झालेला मुलगा विल्यम १२२८ मध्ये लिवेलिनच्या कैदेत सापडला, खंडणी भरून सुटला आणि आपली मुलगी इझाबेला राजाच्या मुलाला देण्याचे ठरवून आला. १२३० च्या ईस्टरला तो पाहुणा म्हणून परत गेला आणि लिवेलिनची राणी जोन हिच्यासोबत राजाच्याच शयनगृहात सापडला. ही जोन म्हणजे जॉन राजाची अनौरस मुलगी. मे महिन्यात त्याला फाशी झाली, आणि तरीही ठरलेले लग्न मोडले नाही, कारण हे नाते दोन्ही घरांना हवे होते. त्याला मुलगा नव्हता. जमिनी चार मुलींत वाटल्या गेल्या आणि मॉर्टिमर, बोहन, कँटिलूप अशा घराण्यांत गेल्या.

मॉडच्या मुलींकडे फारसे कोणी पाहत नाही, याचे मला नवल वाटते. लिस्टरच्या अर्लची विधवा लोरेटा हिने कँटरबरीजवळ हॅकिंग्टन येथे चर्चलगतच्या कोठडीत स्वतःला आजन्म कोंडून घेतले. पण १२६५ मध्ये राज्याच्या एका मानाच्या पदाचे हक्क काय, हे विचारायला सरकारची माणसे तिच्याच दाराशी गेली. तिची बहीण अ‍ॅनोरा ऑक्सफर्डजवळ इफ्ली येथे तशाच व्रतात राहिली आणि जॉनचा मुलगा तिसरा हेन्री तिला जळाऊ लाकूड पाठवीत असे. मार्गारेटला तर खुद्द जॉनने, ऑक्टोबर १२१६ मध्ये मरणाच्या काही दिवस आधी, आईवडील आणि भावाच्या आत्म्यासाठी मठ बांधायला अकनबरीच्या जंगलात जमीन दिली.

ब्रॅम्बर आणि गॉवर उपाशी मेलेल्या मुलाच्या वंशजांकडे राहिले. त्यातल्या शेवटच्या विल्यमने गॉवर विकायला काढले आणि त्यावरून १३२१ मध्ये सीमेवरच्या सरदारांनी शस्त्र उपसले, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.